गोलरक्षकाची विद्या

काव्य, नाट्य आणि संगीत यांच्या परीक्षणास वाहिलेल्या पृष्ठांत एका खेळाडूच्या कर्तृत्वाचा विचार कां करावा, असा आक्षेप आमचे कांहीं वाचक घेतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या उद्योगास नियम आहेत, त्या नियमांच्या मर्यादेंत कौशल्य दाखविण्यास वाव आहे, आणि तें कौशल्य पाहून मर्मज्ञास आनंद होतो, तो उद्योग परीक्षणाच्या कक्षेंत आपोआपच येतो. शिवाय आजचा आमचा विषय खेळापेक्षां विद्येशीं अधिक निगडित आहे. स्वतःस उत्तम येत असलेली गोष्ट दुसऱ्यास शिकवितां येते कीं नाहीं, आणि येत असल्यास तिचा कोणता अंश शिकवितां येतो, हा प्रश्न गवई, नट, वैद्य आणि शाळामास्तर या सर्वांस सारखाच लागू आहे. या प्रश्नाचा कस पाहण्यास स्वीडन देशाचे हँडबॉलचे गोलरक्षक व पुढें गोलरक्षकांचे गुरु झालेले मॅट्स ओल्सन यांच्या कारकीर्दीइतकें सोयीचें उदाहरण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

आपल्याकडे हा खेळ क्रिकेट किंवा कबड्डी यांप्रमाणें घरोघर बोलला जात नाहीं. म्हणून त्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. ४० मीटर लांब व २० मीटर रुंद अशा छपराखालच्या पटांगणावर सात-सात गड्यांचे दोन संघ समोरासमोर उभे राहतात. चेंडू हातानें झेलावयाचा, टप्पे देत पुढें न्यावयाचा आणि हातानेंच गोलांत फेकावयाचा. प्रत्येकीं ३० मिनिटांच्या दोन डावांत सामना संपतो. गोलाची चौकट ३ मीटर रुंद व २ मीटर उंच असते, आणि तिच्यापुढें ६ मीटरांवर एक वळणदार रेषा आंखलेली असते. त्या रेषेच्या आंत गोलरक्षकाखेरीज कोणास उभें राहतां येत नाहीं. मात्र चढाई करणारा गडी रेषेबाहेरून उडी घेऊन, जमिनीस पाय लागण्यापूर्वीं, हवेंतूनच चेंडू फेकूं शकतो. त्या आंतल्या राज्यांत गोलरक्षक एकटा असतो, आणि तेथें त्याला पायांनींही चेंडू अडविण्याची मुभा असते. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें हा खेळ उघड्या मैदानावर अकरा-अकरा गड्यांनीं खेळला गेला होता. आजचें छपराखालचें रूप पुरुषांसाठीं १९७२ सालीं म्युनिकला व स्त्रियांसाठीं १९७६ सालीं माँट्रियलला ऑलिंपिकमध्यें आलें.

आतां या एकट्या माणसापुढचें गणित पाहावें. वरच्या दर्जाच्या पुरुष खेळाडूच्या हातून सुटलेला चेंडू ताशीं १०० किलोमीटर वेग सहज गांठतो; म्हणजे एका सेकंदांत सुमारें २८ मीटर. नऊ मीटरांवरून फेकलेला असा चेंडू गोलापर्यंत येण्यास एक-तृतीयांश सेकंदाहूनही कमी वेळ घेतो, आणि सहा मीटरांच्या रेषेवरून उडी घेऊन फेकलेला चेंडू तर एक-पंचमांश सेकंदाच्या आंतच येऊन थडकतो. इकडे डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीस उत्तर म्हणून हात किंवा पाय हालूं लागण्यासच माणसाला जवळजवळ एक-पंचमांश सेकंद लागतो. तेव्हां चेंडू सुटल्यावर त्याच्याकडे पाहून जो हालेल, तो बहुधा उशीराच पोंचेल. सहा चौरस मीटरांची चौकट, दोन हात, दोन पाय आणि पुरेसा वेळ नाहीं, असा हा मामला आहे. म्हणूनच वरच्या दर्जाच्या सामन्यांत आलेल्या फेकींपैकीं तिसरा हिस्सा अडविणारा गोलरक्षक चांगला समजला जातो, आणि १०० पैकीं ४० अडविणाऱ्याची सर्वत्र वाहवा होते.

या हिशेबांतली विलक्षण गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. शंभरांतल्या साठ वेळां हरणारा मनुष्य येथें थोर ठरतो. गवयाचे दहा सुरांपैकीं सहा सूर बेसूर लागले तर श्रोते उठून जातील. वैद्याचे दहांपैकीं सहा रोगी दगावले तर त्याच्या दारांत कोणी उभें राहणार नाहीं. गोलरक्षकाला मात्र दर दोन-तीन मिनिटांनीं मागें वळून जाळ्यांतला चेंडू उचलावा लागतो, तो मधल्या रेषेकडे फेकावा लागतो, आणि पुढच्या फेकीसाठीं असें उभें राहावें लागतें कीं जणूं मागची फेक झालीच नाहीं. त्याच्या यशाचें स्वरूपही चमत्कारिक आहे. गोल करणाऱ्याचें यश फलकावर अंकानें लिहिलें जातें. गोल न होऊं देणाऱ्याचें यश म्हणजे फलकावर न लिहिलेला अंक. अशा कलेचें परीक्षण पदकांच्या यादीवरून करूं जाणें म्हणजे मौनाचें मोल शब्द मोजून ठरविण्यासारखें आहे.

लोकांची समजूत अशी कीं, ही कला उपजत असते. अमक्याचे हातपाय विजेसारखे चालतात, देवानें त्याला ती देणगी दिली आहे, म्हणून तो चेंडू अडवितो. त्यांत शिकण्यासारखें काय आहे? कवित्वाविषयीं असाच वाद आपल्याकडे शतकानुशतकें चालत आला आहे, आणि त्यांत मम्मटाचार्यांनीं दिलेला निकाल आम्हांस येथेंही ग्राह्य वाटतो. काव्यास कारण शक्ति, निपुणता आणि अभ्यास हीं तीनही मिळून होतात. यांतलें एकेकटें पुरें पडत नाहीं, असा त्यांचा अभिप्राय आहे. शक्ति म्हणजे जन्मानें आलेलें बीज. निपुणता म्हणजे जग व शास्त्र डोळसपणें पाहून मिळविलेलें ज्ञान. अभ्यास म्हणजे जाणत्याच्या देखरेखीखालीं पुनःपुन्हां केलेला यत्न. गोलरक्षकाच्या ठायीं लोकांस दिसते ती केवळ शक्ति. कारण निपुणता डोळ्यांत असते आणि अभ्यास रिकाम्या पटांगणावर झालेला असतो. ओल्सन यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध या झांकलेल्या दोन अंगांवरचा पडदा दूर करतो, म्हणून त्याचें महत्त्व.

पूर्वार्ध प्रथम पाहूं. ओल्सन यांचा जन्म १९६० सालचा. दक्षिण स्वीडनमधील लुंड या विद्यापीठाच्या गांवीं लुगी नांवाचा क्लब आहे. त्या क्लबांत ते नांवारूपास आले. स्वीडननें १९५४ व १९५८ सालीं जागतिक अजिंक्यपद मिळविलें होतें. परंतु त्यानंतर तीस वर्षें तें पद त्या देशाच्या वांट्यास आलें नव्हतें. १९८८ सालीं संघाची धुरा बेंग्ट योहान्सन या मार्गदर्शकाकडे आली. 'बेंगन' हें त्यांचें लाडकें नांव. त्यावरून लोक त्या संघाला 'बेंगन बॉइज' म्हणूं लागले. १९९० च्या मार्च महिन्यांत प्राग येथें झालेल्या अंतिम सामन्यांत या संघानें १९८८ च्या ऑलिंपिकमधील विजेत्या सोव्हिएत संघास २७-२३ असें हरविलें, आणि ३२ वर्षांनीं अजिंक्यपद स्वीडनला परत आणलें. त्या संघाचे गोलरक्षक ओल्सन होते. पुढें १९९३ व १९९५ च्या जागतिक स्पर्धांत संघाला कांस्यपदक मिळालें. १९९४ सालीं युरोपची पहिली अजिंक्यपद स्पर्धा पोर्तुगालमध्यें झाली. तिच्या अंतिम सामन्यांत स्वीडननें रशियाचा ३४-२१ असा धुव्वा उडविला. त्याच वर्षीं ओल्सन ज्या स्पॅनिश क्लबाकडून खेळत होते, त्या सांतांदेरच्या तेका क्लबानें युरोपांतील क्लबांचें सर्वश्रेष्ठ पद जिंकलें.

एवढी संपदा असूनही या पिढीच्या कपाळीं एक उणेपण लिहिलेलें होतें. १९९२ सालीं बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्यें ती अंतिम सामन्यांत पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाकडून २०-२२ अशी हरली. १९९६ सालीं अटलांटाला क्रोएशियाकडून २६-२७ अशी हरली. दोन्ही वेळां ओल्सन संघांत होते, दोन्ही वेळां त्यांच्या गळ्यांत रौप्यपदक पडलें. ते निवृत्त झाल्यावर २००० सालीं सिडनीलाही स्वीडन रशियाकडून २६-२८ असें हरलें. १९९२ सालीं पलीकडच्या गोलांत उभे होते ते आंद्रेई लावरोव. या लावरोव यांनीं १९८८ सालीं सोव्हिएत संघाकडून, १९९२ सालीं संयुक्त संघाकडून आणि २००० सालीं रशियाकडून, अशीं तीन निरनिराळ्या निशाणांखालीं तीन सुवर्णपदकें मिळविलीं. पदकांच्या तराजूंत घातल्यास लावरोव यांचें पारडें जड, हें कबूल केलेंच पाहिजे. आम्हीही तें कबूल करतों. परंतु ज्या माणसाची सारी विद्या एक-एक गोल अडविण्याची, त्याचें सुवर्ण एकदां दोन गोलांनीं व एकदां अवघ्या एका गोलानें हुकावें, यांत विद्येचा दोष किती आणि योगायोगाचा भाग किती, हें फलक पाहून सांगतां येत नाहीं. तें पाहावयाचें तर त्या विद्येचें पुढें काय झालें, तिकडे वळलें पाहिजे.

गोलरक्षकामध्यें शिक्षक कोठून येतो? आमच्या मतें त्याचें मूळ खेळाच्या रचनेंतच आहे. प्रत्येक संघांत बहुधा दोन गोलरक्षक असतात व एका वेळीं एकच खेळतो. दुसरा बांकावर बसलेला असतो. त्याला केव्हांही, कधीं कधीं केवळ सात मीटरांवरची एक दंडफेक अडविण्यापुरतेंही, उठून आंत जावें लागतें. म्हणून त्याला सबंध सामना खेळणाऱ्याच्या डोळ्यांनीं पाहावा लागतो. स्वीडनच्या संघांत ओल्सन यांच्याबरोबर तोमास स्वेन्सन हे दुसरे गोलरक्षक होते. वयानें आठ वर्षांनीं लहान. एकाच जागेसाठीं दोघे, म्हणून ते प्रतिस्पर्धी. आणि एकाच्या चुका दुसऱ्याला सर्वांत स्पष्ट दिसतात, म्हणून ते परस्परांचे परीक्षकही. विश्रांतीच्या वेळांत बांकावरचा आंतल्यास काय सांगतो, तें प्रेक्षकांस ऐकूं येत नाहीं. पण अमका गडी उडी घेतल्यावर मनगट शेवटच्या क्षणीं वळवितो, तमका बगलेवरून आला कीं खालचा कोपरा धरतो, अशा एकेका वाक्यांतच या विद्येची परंपरा चालते. पुढें स्वेन्सन हेही जर्मनीच्या क्लबांत गोलरक्षकांचे शिक्षक झाले, हें आम्हांस केवळ योगायोगाचें वाटत नाहीं.

आतां ही विद्या म्हणजे नेमकें काय, हें सांगणें प्राप्त आहे. तिचा पहिला पाठ उभें राहण्याचा. चेंडूपासून गोलाच्या दोन खांबांकडे दोन रेषा कल्पिल्या, तर त्यांच्या बरोबर मध्यें गोलरक्षकाचें शरीर असावें. चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात गेला कीं त्यानेंही अर्धें पाऊल सरकून पुनः मध्य गांठावा. अंगाचा कितीही लवचीक असला तरी चुकीच्या जागीं उभा राहिलेला गोलरक्षक हरलेलाच असतो. दुसरा पाठ पुढें येण्याचा. फेकणाऱ्याकडे एक-दोन पावलें गेल्यास त्याला गोलाचा कमी भाग दिसतो. परंतु तितकाच आपला वेळही कमी होतो. किती पुढें यावें, हा तडजोडीचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर प्रत्येकाच्या उंचीप्रमाणें व चपळाईप्रमाणें निराळें असतें.

तिसरा पाठ आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. तो थांबण्याचा. भित्रा गोलरक्षक आधीं हालतो आणि फेकणारा त्यानें मोकळी केलेली जागा पाहून तेथें चेंडू टाकतो. थांबणारा गोलरक्षक फेकणाऱ्यासच निर्णय घेण्यास भाग पाडतो. परंतु चेंडू सुटेपर्यंत थांबलें तर उशीर होतो, हें वर सांगितलेंच आहे. म्हणून त्याला चेंडूऐवजीं माणूस वाचावा लागतो. खांदा किती उघडला, कोपर कोणत्या उंचीवर आहे, कंबर कोणीकडे वळली, उडीचा पाय कोठें पडला, यांवरून फेकीची दिशा चेंडू सुटण्यापूर्वींच अर्धी कळते. राहिलेलें अर्धें आपल्या संरक्षक फळीशीं केलेल्या कराराचें असतें. एका बाजूची फेक फळीनें हात उंचावून झांकावयाची, दुसरी गोलरक्षकानें घ्यावयाची. हा करार मोडला कीं दोष मात्र पाठीमागच्या एकट्याच्या माथीं येतो. यांतली एकही गोष्ट जन्मतः कोणास येत नाहीं. सर्व सांगतां येतात, दाखवितां येतात, आणि घोटून घेतां येतात. लोक जिला विजेसारखी चपळाई म्हणतात, ती पुष्कळ अंशीं आधीं कळल्यामुळें लौकर केलेली, शांत हालचाल असते.

या विद्येचे ओल्सन यांनीं पुढें दोन निरनिराळे उपयोग केले, आणि त्या दोहोंचें फळ निरनिराळें आलें. पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाचे ते कांहीं काळ मुख्य मार्गदर्शक होते. तेथें सातही गड्यांचें नेतृत्व त्यांच्याकडे होतें, आणि मानाच्या दृष्टीनें तें पद मोठें. परंतु त्यांच्या कारकीर्दींत त्या संघाला मोठ्या स्पर्धेचें एकही पदक लाभलें नाहीं. पोर्तुगाल तेव्हां या खेळांतल्या बलाढ्य राष्ट्रांपैकीं नव्हता, हें खरें. तरीही आम्हांस असें वाटतें कीं, येथें गोलरक्षकाच्या ज्ञानाची एक मर्यादा दिसते. गोलरक्षक साऱ्या पटांगणाकडे पाहतो, हें खरें. पण तो त्याकडे एकाच टोंकावरून, संकट आपल्याकडे येत असल्याच्या भावनेनें पाहतो. चढाईची रचना, गड्यांची अदलाबदल, सामन्याची लय यांचें ज्ञान त्याला असतें तें प्रेक्षकाचें. सेनापतीला तें कर्त्याचें लागतें. याचा अर्थ गोलरक्षक चांगला सेनापति होऊंच शकत नाहीं, असा नव्हे. क्रोएशियाचे गोलरक्षक व्लादो शोला २००३ च्या जागतिक व २००४ च्या ऑलिंपिक विजेत्या संघांत होते आणि पुढें झाग्रेबच्या नामांकित क्लबाचे मुख्य मार्गदर्शक झाले. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, गोलांत मिळविलेलें ज्ञान सबंध पटांगणास आपोआप पुरत नाहीं. तेथें दुसरी विद्या नव्यानें शिकावी लागते.

दुसरा उपयोग नॉर्वेमध्यें झाला, आणि ओल्सन यांची खरी थोरवी आम्हांस तेथें दिसते. नॉर्वेच्या स्त्रियांच्या संघांत त्यांनीं केवळ गोलरक्षकांच्या शिक्षकाचें काम पत्करलें. मुख्य मार्गदर्शक प्रथम मारित ब्रेइविक या बाई होत्या. २००९ पासून थोरिर हेर्गेइर्सन होते. ओल्सन यांचें स्थान त्यांच्यामागें. आपल्या हाताखालच्या दोन-तीन मुलींपलीकडे त्यांना संघांत कोणावर अधिकार नव्हता. जागतिक अजिंक्यपद मिळविलेल्या पुरुषानें परक्या देशांत, स्त्रियांच्या संघांत, दुय्यम जागेवर बसून काम करावें, यांत कमीपणा मानणारे लोक आपल्याकडे कमी नाहींत. परंतु विद्येला अशा मानापमानांशीं कर्तव्य नसतें. शिवाय स्त्रियांच्या खेळांतला चेंडू निराळा असतो; पुरुषांच्या चेंडूचा घेर ५८ ते ६० सेंटिमीटर व वजन ४२५ ते ४७५ ग्रॅम, तर स्त्रियांच्या चेंडूचा घेर ५४ ते ५६ सेंटिमीटर व वजन ३२५ ते ३७५ ग्रॅम. लहान चेंडूवर हाताची पकड निराळी बसते, फेकीचा वेग बदलतो, आणि गोलरक्षिकेचें थांबणें व पुढें येणें यांचें मापही बदलतें. जो शिक्षक स्वतःच्या संवयी शिकवीत बसेल, त्याला येथें यश येणें शक्य नव्हतें. तत्त्व राखून माप बदलणें ज्याला साधतें, तोच खरा शिक्षक.

फळ काय आलें तें जगजाहीर आहे. २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें नॉर्वेनें अंतिम सामन्यांत रशियाला ३४-२७ असें हरवून सुवर्णपदक मिळविलें. २०१२ सालीं लंडनला माँटेनिग्रोला २६-२३ असें हरवून तें राखलें. दोन्ही वेळां गोलरक्षणाची जबाबदारी कात्रीने लुंदे व कारी ओल्विक ग्रिम्स्बो या दोघींवर होती. ओल्सन यांना स्वतःच्या हातांनीं जें दोनदां मिळालें नाहीं, तें त्यांच्या शिष्यांनीं दोनदां मिळविलें.

येथें कोणी चतुर वाचक आम्हांस थांबवील. तो म्हणेल, लुंदे या असामान्यच होत्या. गुरु कोणीही असता तरी त्या थोर झाल्याच असत्या. शिवाय नॉर्वेत ही परंपरा ओल्सन यांनीं आणिली नाहीं. सेसिली लेगांगर व हाइदी टियुगुम या गोलरक्षिका त्यापूर्वींच गाजलेल्या होत्या, आणि १९९९ सालीं नॉर्वेनें जागतिक अजिंक्यपद जिंकलेंही होतें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत व त्या नाकारण्याची आमची इच्छा नाहीं. ओसाड जमिनींत ओल्सन यांनीं बाग फुलविली, असें म्हणणें हें त्या देशावर अन्याय करणारें होईल. परंतु पहिल्या आक्षेपाचें उत्तर मम्मटाचार्यांनीं आधींच देऊन ठेविलें आहे. शक्ति गुरूला देतां येत नाहीं. निपुणता व अभ्यास देतां येतात. लुंदे यांची शक्ति त्यांची स्वतःची. ती शक्ति किती वर्षें टिकली, हें मात्र पाहण्यासारखें आहे. १९८० सालीं जन्मलेल्या या बाईंनीं २०२४ सालच्या ऑलिंपिकमध्यें, वयाच्या ४४ व्या वर्षीं, पुनः सुवर्णपदक मिळविलें. त्या अंतिम सामन्यांत नॉर्वेनें यजमान फ्रान्सला २९-२१ असें हरविलें. फ्रान्ससारख्या बलिष्ठ संघाला ६० मिनिटांत अवघे २१ गोल करतां आले. चव्वेचाळिसाव्या वर्षीं कोणाचेंही शरीर विशीप्रमाणें चपळ राहत नाहीं. ज्यांची कला केवळ चपळाईची, त्यांची कला तिच्याबरोबर ओसरते. उभें राहण्याचें, थांबण्याचें आणि माणूस वाचण्याचें ज्ञान मात्र वयाबरोबर वाढत जातें. तेव्हां लुंदे यांची दीर्घ कारकीर्द हीच, ही कला बहुतांशीं निपुणतेची व अभ्यासाची आहे याविषयीं, आम्हांस मिळालेली सर्वांत बळकट साक्ष आहे.

दुसरा एक विचारही मनांत येतो. फ्रान्सचे गोलरक्षक थिएरी ओमेयर यांनीं २००८ व २०१२ सालीं ऑलिंपिकमधील सुवर्णपदकें जिंकलीं, आणि खेळ सोडल्यावर पॅरिसच्या क्लबाच्या कारभारांत ते शिरले. शोला यांनीं नेतृत्व पत्करलें. ओल्सन यांनीं शेवटीं शिकविणें पत्करलें. तीनही मार्ग सन्मानाचे आहेत. परंतु कारभार करणारा आपलें नांव वापरतो, नेतृत्व करणारा आपलें धैर्य वापरतो, आणि शिकविणारा आपली विद्याच खर्ची घालतो. ती विद्या जुनी होत नाहीं असेंही नाहीं. २०१६ च्या जुलैपासून नवा नियम आला. त्याप्रमाणें संघाला गोलरक्षक बाहेर बोलावून, त्याच्या रंगाचा अंगरखा न घालतां, चढाईसाठीं सातवा गडी आंत आणतां येतो. गोल क्षणभर रिकामा राहतो. चढाई फसली तर पलीकडचा गोलरक्षकच दूरवरून त्यांत चेंडू फेकतो. अडविणाऱ्याला आतां अचूक फेकणाराही व्हावें लागतें, आणि बाहेर-आंत धांवण्याची तयारी ठेवावी लागते. अशा वेळीं ठराविक युक्त्यांचें टिपण उपयोगी पडत नाहीं; कां थांबावें, कोठें उभें राहावें, याचें कारण ज्याला कळलें असेल, तोच नव्या नियमांत जुनी विद्या चालवूं शकतो.

आमचा निर्णय आतां थोडक्यांत सांगतों. गोलरक्षक या नात्यानें ओल्सन पहिल्या पंक्तींतले होते. त्या पंक्तींत ते सर्वांच्या पुढें होते असें आम्ही म्हणत नाहीं, कारण लावरोव यांचें पदकांचें वैभव डोळ्यांआड करतां येत नाहीं. मुख्य मार्गदर्शक या नात्यानें त्यांचें कार्य बेताचें. परंतु गोलरक्षकांचे शिक्षक या नात्यानें त्यांनीं एक गोष्ट सिद्ध करून दाखविली. ज्याला लोक देवाची देणगी म्हणून दुरूनच नमस्कार करीत होते, त्यांतला बराच मोठा भाग माणसाला माणसाकडून मिळूं शकतो. ज्या घरांत मुलामुलींना कांहीं तरी शिकविलें जातें, त्या प्रत्येक घराला हें जाणून घेण्यासारखें आहे. आपल्या मुलाला अमकी गोष्ट उपजतच येत नाहीं, असें म्हणून जे आईबाप हात झटकतात, त्यांनीं क्षणभर थांबून विचार करावा कीं, त्याला ती कारणांसह कोणी शिकविली तरी होती काय.

शेवटीं एक लहानशी गोष्ट. ऑलिंपिकमध्यें पदकें दिलीं जातात तीं खेळाडूंनाच. त्यांच्या शिक्षकांना पदक देण्याची तेथें रीत नाहीं. म्हणून मॅट्स ओल्सन यांच्या नांवावर ऑलिंपिकच्या दफ्तरांत १९९२ व १९९६ चीं दोन रौप्यपदकें आहेत, आणि तेवढींच राहणार. बीजिंग व लंडन येथें त्यांच्या शिष्या सुवर्ण घेण्यासाठीं चौथऱ्यावर चढल्या, तेव्हां ते चौथऱ्याखालीं होते. जन्मभर ज्याच्या यशाची नोंद फलकावर न उमटलेल्या अंकांत झाली, त्याला ही जागा अनोळखी वाटली नसावी.